शेवटचा आकडा बदलला आणि दुसऱ्याचा रिपोर्ट उघडला

२०२४चा श्रावण. आदल्याच दिवशी कानबाईचं, आमच्या खानदेशातल्या देवीचं, विसर्जन झालं होतं, घरोघरी रोटांचा पाहुणचार अजून चालू होता. मंगळवारी सकाळी सव्वाअकराला शिरपूरच्या कलेक्शन सेंटरवरून मला फोन आला. सेंटर सांभाळणारा मुलगा एरवी खणखणीत बोलतो, त्या दिवशी आवाज दबका होता. "दादा, एक जण आलाय. त्याच्या मोबाइलवर भलत्याच बाईचा रिपोर्ट उघडतोय." नोंदणी करताना मोबाइल नंबर चुकला असेल, पावती बघ, असं मी सवयीने सांगितलं. तो म्हणाला, "तसं नाही दादा. तो आकडा बदलतो आणि कोणाचाही उघडतो. माझ्यासमोर तीन उघडले." मागून त्या तरुणाचा आवाज आला, "हाऊ रिपोर्ट मन्ही मायना नही शे, भाऊ."

मी जळगावात बॅकएन्डचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचं, काम करतो. आमची सहा जणांची टीम आहे आणि एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर आम्ही पहिल्या दिवसापासून सांभाळतो. लॅबचं नाव इथे देत नाही. लॅब चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी हे लिहायला होकार दिला तो त्याच अटीवर. चूक मात्र त्यांची नव्हती, आमच्या कोडची होती.

आधी काम कसं चालतं ते सांगतो. मुख्य लॅब जळगावात. शिरपूर, शहादा, चोपडा, रावेर अशा ठिकाणी सेंटरं. सकाळी सात ते दहा रक्त घेतलं जातं, नळ्या बर्फाच्या डब्यात घालून दुपारच्या गाडीने जळगावला येतात, संध्याकाळपर्यंत तपासणी होते आणि पेशंटच्या मोबाइलवर मेसेज जातो: रिपोर्ट तयार आहे, ही लिंक. लिंक उघडली की ओटीपी येतो, ओटीपी टाकला की रिपोर्ट दिसतो. ही सोय आम्ही हौसेने केलेली नाही. पूर्वी धडगावकडचा माणूस एका कागदासाठी शहाद्याला यायचा, त्यात त्याचा दिवस जायचा आणि दिवसाची मजुरीही. मोबाइलवर रिपोर्ट मिळायला लागल्यावर ती फेरी वाचली. म्हणूनच त्या मंगळवारी ही सोय बंद करायची की नाही यावर आमची तासभर ओढाताण झाली.

तो तरुण सुरतेला कामाला असतो, कानबाईला घरी आला होता. आईचा थायरॉइडचा रिपोर्ट त्याने उघडला. गेल्या महिन्याचाही बघावा म्हणून लिंकच्या शेवटी असलेला सहा आकडी नंबर त्याने अंदाजाने बदलून पाहिला. समोर आला तो रावेरच्या एका म्हाताऱ्या माणसाचा साखरेचा रिपोर्ट. मग त्याने एकेक आकडा पुढे सरकवला. त्यातला एक रिपोर्ट त्याच्या ओळखीच्या घरातला निघाला, त्याच्या गावाशेजारच्या पाड्यावरच्या एका मुलीचा. तपासणी सिकलसेलची. निकाल एएस.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. एएस म्हणजे वाहक. अशी व्यक्ती बहुधा धडधाकट असते. एसएस म्हणजे आजार असलेली व्यक्ती. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हापासून तपासण्या वाढल्या आणि त्या वाढायलाच हव्यात. पण एएस आणि एसएस यांतला फरक सगळ्यांना कळतोच असं नाही. सोयरीक ठरत असताना "तिच्या रक्तात काहीतरी आहे" एवढं वाक्य गावात फिरलं की पुरतं.

त्या मुलीची सोयरीक त्याच महिन्यात ठरत होती. हे आम्हाला नंतर कळलं.

तीन ओळींचा कोड

फोन ठेवल्यावर मी तो कोड उघडला. साध्या भाषेत तो असा होता: टोकन (ओटीपी जुळल्यावर मोबाइलला मिळणारी ओळखीची खूण) बरोबर आहे का बघ, लिंकमधल्या नंबरचा रिपोर्ट डेटाबेसमधून काढ, सापडला तर पाठव, नाही तर ४०४ दे, म्हणजे "असं काही सापडलं नाही" हे उत्तर. तीन ओळी. पहिल्या ओळीवर आम्ही महिनाभर खपलो होतो. टोकनवर सही होती, त्याला मुदत होती, सगळी ये-जा एचटीटीपीएसवरून, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशी, होती. मागणी करणारा माणूस खरा आहे याची खात्री आम्ही कसून केली होती. दुसऱ्या ओळीत, हा रिपोर्ट त्याच माणसाचा आहे का, हे विचारलंच नव्हतं. टोकनमध्ये मोबाइल नंबर होता, रिपोर्टच्या नोंदीतही मोबाइल नंबर होता. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहणारी ओळ कोणी लिहिलीच नाही. लिहायची राहून गेली म्हणावं तर तेही खरं नाही. आमच्या डोक्यातच ती नव्हती. लॉगिन झालं म्हणजे काम झालं, असं आम्ही धरून चाललो होतो.

एपीआय म्हणजे ॲप सर्व्हरकडे माहिती मागतं ती व्यवस्था. तिच्या सुरक्षेवर काम करणाऱ्यांना ही चूक पाठ असते. ओवास्प या संस्थेने एपीआयमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी २०१९मध्ये काढली आणि २०२३मध्ये सुधारली. दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर हीच चूक आहे. त्या यादीची छापील प्रत आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेली आहे, आम्ही ती वाचलेली होती. वाचूनही चूक राहते, कारण ती दिसत नाही. आपण स्वतःच्या लॉगिनने स्वतःचा रिपोर्ट उघडून बघतो आणि तो उघडतो. सगळं ठीक वाटतं. दुसऱ्याचा उघडून बघायचं कोणाच्या मनात येत नाही.

तेव्हा आमचा शेवटचा रिपोर्ट नंबर १,८४,०००च्या आसपास होता. कोणी सेकंदाला एक अशी मागणी करत गेला असता तर दोन दिवस आणि तीन तासांत सगळी लॅब त्याच्या कॉम्प्युटरवर उतरली असती. तोपर्यंत आमच्याकडे कसलीही धोक्याची घंटा वाजली नसती, कारण एका लॉगिनने किती मागण्या कराव्यात याला मर्यादाच नव्हती.

बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही मोबाइलवरचे रिपोर्ट बंद केले. सेंटरवर छापील रिपोर्ट मिळेल असा मेसेज सगळ्यांना गेला. मॅडम आधी कबूल नव्हत्या. त्यांच्याकडे डेंग्यूचे पेशंट होते, प्लेटलेट किती आहेत हे गावातल्या डॉक्टरला संध्याकाळीच कळायला हवं होतं. शेवटी असं ठरलं की तातडीचे आकडे लॅबमधून थेट त्या डॉक्टरांना फोनवर सांगायचे. पुढचे दोन दिवस लॅबमधल्या दोन मुली हेच काम करत होत्या.

लॉगमध्ये काय नव्हतं

मॅडमचा पहिला प्रश्न होता, "आत्तापर्यंत किती जणांचे रिपोर्ट कोणी कोणी बघितले?" प्रश्न सरळ होता आणि उत्तर देणं माझं काम होतं. मी सर्व्हरचे लॉग, म्हणजे आलेल्या मागण्यांच्या नोंदी, काढले. त्यात वेळ होती, मागितलेला पत्ता होता, आयपी नंबर होता. कोणत्या लॉगिनने मागितलं हे नव्हतं. मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे शेकडो ग्राहक बसवतात, त्यामुळे आयपीवरून माणूस कळत नाही. आणि लॉग होते फक्त १४ दिवसांचे, कारण सर्व्हरवर जागा पुरत नाही म्हणून जुने आपोआप पुसायची सोय मीच केली होती. तो कोड मात्र १४ महिन्यांपासून चालू होता.

जेवढं हाती होतं त्यात मी एकच गोष्ट शोधू शकलो: ओळीने मागितलेले नंबर. माणूस स्वतःचे रिपोर्ट उघडतो तेव्हा नंबर विखुरलेले असतात. कोणी चाचपून बघत असेल तर ते एकामागोमाग येतात. १४ दिवसांत असा एकच माग सापडला, तो त्या तरुणाचाच. त्याने स्वतःहून मोबाइलमधली ब्राउझरची हिस्टरी सेंटरवर दाखवली. आईचा सोडून नऊ रिपोर्ट. नऊही लॉगशी जुळले. बाकीच्या काळाबद्दल मी मॅडमना सांगितलं की मला माहीत नाही आणि ते आता कळणारही नाही. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पेशंटला मी हेच वाक्य सांगू का?"

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस जपायचे. पहिली आम्ही त्या दिवशी दुपारी पाळली. दुसरी आधीच मोडलेली होती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याने लिहिलं तरी जबाबदारी पेशंटची माहिती गोळा करणाऱ्याची, म्हणजे लॅबची. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. आमच्या प्रकरणाच्या वेळी ते लागू नव्हते. तरी मला त्या दिवशी दंडापेक्षा जास्त टोचत होतं ते वेगळंच: चूक माझी, आणि पाड्यावर जाऊन तोंड दाखवायचं मॅडमना.

आता आमच्या लॉगमध्ये कोणी, कोणाचा, कोणता रिपोर्ट, कधी आणि कुठून मागितला, आणि तो मिळाला की नाकारला, हे सगळं असतं. त्यात निकाल मात्र नसतो. हे मुद्दाम सांगतो, कारण शोध घेताना आमच्या एका डीबग लॉगमध्ये पेशंटचं नाव आणि हिमोग्लोबिनचा आकडा दोन्ही छापलेले सापडले. कोणीतरी एक बग शोधताना ती ओळ घातली आणि काढायची राहिली. कुलूप रिपोर्टला लावायचं आणि त्याची नक्कल लॉगमध्ये उघडी ठेवायची, असा तो प्रकार होता.

शहाद्याचा टॅब

बाकीचे एन्डपॉइन्ट, म्हणजे एपीआयची माहिती मागायची एकेक दारं, तपासायला घेतले. ५३ होते. खरं तर आमच्या यादीत ४७ होते, सहा यादीबाहेरचे सापडले. लॉग वाचताना दिसलं की रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी कोणीतरी एपीआयच्या पहिल्या आवृत्तीला हाक मारतं. ती आवृत्ती आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केली असं आम्ही सगळेच समजत होतो. शोधत गेलो तर ते निघालं शहाद्याच्या सेंटरवर. काउंटरवर रेक्झिनच्या कव्हरमधला एक जुना टॅब, कोपऱ्यात काच तडकलेली, चार्जरची वायर रबरबँडने बांधलेली. त्यावर नवीन ॲप चढत नव्हतं, म्हणून आमच्यातल्याच एकाने जुनी आवृत्ती "तात्पुरती" चालू ठेवली होती. त्या आवृत्तीत टोकन नव्हतंच. ॲपच्या आत एक ठरलेली किल्ली लिहिलेली होती, सगळ्या सेंटरांना तीच, आणि ॲपची फाइल उलगडून बघणाऱ्या कोणालाही ती वाचता आली असती. त्या किल्लीने पेशंटची पूर्ण यादी मिळत होती. मॅडमनी त्याच आठवड्यात नवा टॅब पाठवला. त्याची किंमत किती होती हे मी इथे लिहिणार नाही, पण दोन वर्षं आम्ही तेवढ्यासाठी हे ओझं वागवत होतो.

त्याच यादीत आणखी एक खोट होती. सेंटरच्या स्क्रीनवर पेशंटचं फक्त नाव आणि पावती नंबर दिसायचा, म्हणून आम्ही निवांत होतो. सर्व्हर मात्र पूर्ण नोंद पाठवत होता: मोबाइल, पत्ता, वय, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, आधीच्या तपासण्या. स्क्रीन त्यातलं नको ते लपवत होती एवढंच. ब्राउझरची नेटवर्कची खिडकी उघडली की सगळं समोर. आता प्रत्येक उत्तरात कोणते रकाने जातील हे सर्व्हरवर नावानिशी लिहिलेलं असतं. जे लिहिलेलं नाही ते जात नाही.

ओटीपी चार आकडी होता आणि चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा नव्हती. चार आकड्यांचे पर्याय १०,०००. सेकंदाला दहा प्रयत्न धरले तर सतरा मिनिटांच्या आत सगळे संपतात. तो सहा आकडी केला, पाच चुकांनंतर त्या नंबरसाठी काही वेळ दार बंद होतं, आणि "हा नंबर नोंदलेला नाही" हा मेसेज काढून टाकला. नंबर असो वा नसो, उत्तर एकच. एखाद्याने या लॅबमध्ये रक्त दिलं होतं की नाही हेही बाहेर कळायचं कारण नाही.

नियम डेटाबेसमध्ये

मूळ दुरुस्तीबद्दल टीममध्ये पहिली सूचना आली ती नंबरांऐवजी लांबलचक यादृच्छिक ओळख वापरायची, यूयूआयडी. त्यात १२२ बिट यादृच्छिक असतात, अंदाजाने गाठणं अशक्य. आम्ही ती लावली, पण दुरुस्ती म्हणून नाही. आपल्याकडे लिंक व्हॉट्सॲपवर पुढे जाते. बाप मुलाला पाठवतो, मुलगा डॉक्टरला, डॉक्टर ग्रुपवर. लिंक हातात असली म्हणजे हक्क मिळाला असं धरलं तर आम्ही पुन्हा तिथेच उभे राहिलो असतो.

दुसरी सूचना, प्रत्येक एन्डपॉइन्टमध्ये तपासणीची ओळ घालायची. ५३ ठिकाणी ५३ ओळी. आज सगळे घालतील. सहा महिन्यांनी नवीन मुलगा ५४वा एन्डपॉइन्ट लिहील आणि विसरेल. मीच विसरलो होतो, तर त्याला काय बोल लावणार? म्हणून आम्ही नियम खाली, डेटाबेसमध्येच नेला. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. त्यात २०१६मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीपासून ओळीगणिक परवानगी लावता येते. मागणी आली की आधी डेटाबेसला सांगायचं, हा कोण आहे. मग कोडने सगळे रिपोर्ट मागितले तरी डेटाबेस त्याच्याच ओळी देतो. कोड विसरला तरी डेटाबेस विसरत नाही.

हे ऐकायला सोपं आहे. आमचे यात चार दिवस गेले, आणि ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी कुठे गेले ते सविस्तर लिहितो.

नियम लावले, स्वतःच्या लॉगिनने बघितलं, स्वतःचाच रिपोर्ट दिसला. छान. मग एका टेस्ट पेशंटच्या टोकनने दुसऱ्या टेस्ट पेशंटचा मागितला आणि तोही आला. तासभर काही उमगेना. नियमाची ओळ शंभर वेळा वाचली, ती बरोबर होती. कारण निघालं असं: पोस्टग्रेसमध्ये टेबलाच्या मालकाला हे नियम लागूच होत नाहीत, आणि आमचं ॲप डेटाबेसला जोडलेलं होतं ते मालकाच्याच नावाने. वॉचमनला सांगितलं, सगळ्यांना अडव, आणि येणारा प्रत्येक जण घरमालकाचं ओळखपत्र लावून येत होता. ॲपसाठी वेगळा, कमी अधिकारांचा यूजर केला आणि मालकालाही नियम सक्तीने लागू केले. सुपरयूजरला, म्हणजे डेटाबेसचे सगळे अधिकार असलेल्या यूजरला, तरीही कोणी अडवू शकत नाही, म्हणून तो पासवर्ड आता ॲपच्या सर्व्हरवर नाहीच.

दुसरी अडचण याहून वाईट होती, कारण ती कधी कधीच दिसायची. डेटाबेसची जोडणी दर वेळी नवी उघडत नाहीत, काही जोडण्या तयार ठेवून त्याच आळीपाळीने वापरतात. "हा कोण आहे" ही खूण आम्ही जोडणीवर ठेवत होतो. एकाचं काम संपलं, जोडणी परत गेली, पुढच्याला मिळाली, आणि आधीच्याची खूण तशीच. क्वचित एखाद्या मागणीत खूण बदलायच्या आधीच चौकशी व्हायची आणि पेशंटला दुसऱ्याच पेशंटची यादी दिसायची. एक भोक बुजवताना आम्ही दुसरं पाडत होतो. आता खूण फक्त त्या एका व्यवहारापुरती ठेवतो. व्यवहार संपला की ती आपोआप पुसते, आणि खूण नसेल तर डेटाबेस एकही ओळ देत नाही.

या दोन्ही गोष्टी सापडल्या त्या कोडच्या टेस्टमुळे. ती टेस्ट साधी आहे: दोन खोटे पेशंट, दोन खोटी सेंटरं, दोन खोटे डॉक्टर. प्रत्येक एन्डपॉइन्टवर एकाच्या टोकनने दुसऱ्याची वस्तू मागायची. उत्तर ४०४च यायला हवं. ४०३ दिलं तर "आहे, पण तुला देत नाही" असा अर्थ होतो, म्हणजे ती नोंद आहे एवढं तरी समोरच्याला कळतं. पहिल्यांदा चालवली तेव्हा ५३पैकी ११ ठिकाणी रिपोर्ट किंवा पेशंटची माहिती बाहेर आली. नवीन एन्डपॉइन्ट लिहिला आणि त्याची ही टेस्ट नसेल तर आता कोड सर्व्हरवर चढतच नाही.

सेंटरच्या लॉगिनची गोष्ट थोडक्यात. प्रत्येक सेंटरला एकच लॉगिन होतं, चार माणसं तेच वापरत होती आणि कोणत्याही सेंटरला कोणत्याही सेंटरचे पेशंट दिसत होते. आता प्रत्येकाचं वेगळं लॉगिन आहे, आणि प्रत्येक सेंटरला आपले पेशंट, तेही रिपोर्ट दिल्यावर ३० दिवस. रात्री-अपरात्री दुसऱ्या सेंटरचा रिपोर्ट खरंच लागला तर तातडीचं बटण आहे. त्यावर कारण लिहावं लागतं आणि सकाळी ती यादी मॅडमच्या टेबलावर असते.

मोबाइल एकाचा, पेशंट दुसरा

इतकं झाल्यावर आम्ही सोय पुन्हा सुरू करणार होतो. मॅडमनी अडवलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या मुलीचा रिपोर्ट ज्या मोबाइल नंबरवर गेला, तो नंबर कोणाचा?" बघितलं. तो होता तिच्या काकांचा.

मग मी डेटाबेसमध्ये मोजलं, एका मोबाइल नंबरवर किती पेशंट आहेत. घरात एक मोबाइल आणि त्यावर पाच-सहा माणसं, हे तर सर्रास होतं. काही नंबर आशाताईंचे होते, एक किराणा दुकानाचा. सगळ्यात वर, दोनशेहून जास्त पेशंट असलेला नंबर होता आमच्याच एका सेंटरवरच्या मुलाचा. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याच्या नावापुढे तो आपला नंबर टाकायचा, रिपोर्ट आला की पेशंटला हाक मारून सांगायचा. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचा तो आधार होता. पण आमचे सगळे नियम नीट चालून, कुठेही भोक नसताना, दोनशे माणसांचे रिपोर्ट त्याच्या खिशात होते. ओटीपीने मोबाइल हातात आहे एवढंच कळतं. तो कोणाच्या हातात आहे हे कळत नाही.

ही गोष्ट कोडने सुटणारी नव्हती, म्हणून मॅडम, सेंटरवरची मुलं आणि आम्ही एकत्र बसलो. ठरलं ते असं. एचआयव्ही, गर्भारपणाशी संबंधित तपासण्या, सिकलसेल आणि मॅडम ठरवतील त्या आणखी काही तपासण्यांचे निकाल मोबाइलवर जाणारच नाहीत. एचआयव्हीबाबत तर २०१७चा स्वतंत्र कायदाच गोपनीयता बंधनकारक करतो. मेसेजमध्ये तपासणीचं नावही नसतं, फक्त "रिपोर्ट तयार आहे, सेंटरवर या." बाकीच्या रिपोर्टसाठी ओटीपीबरोबर पावतीवर छापलेला आठ अक्षरांचा कोड लागतो. पावती रक्त देताना पेशंटच्याच हातात देतात. मोबाइल काकांचा असला तरी कागद तिच्याकडे.

याचा त्रास होतो, हे मान्य करायला हवं. पावत्या हरवतात, लुगड्याच्या गाठीत भिजतात, घामाने अक्षरं पुसतात. मग पेशंटला सेंटरवर यावं लागतं आणि जी फेरी वाचवायला आम्ही हे सगळं केलं तीच काहींच्या वाट्याला परत आली. सिकलसेलच्या निकालासाठी तर सगळ्यांच्याच. त्याला आमच्याकडे आज उत्तर नाही. मॅडमचं म्हणणं असं की तो निकाल तसाही समोर बसवून, एएस आणि एसएस म्हणजे काय ते समजावूनच द्यायला हवा. मला ते पटतं. धडगावच्या माणसाची मजुरी मात्र तरीही बुडते.

पाड्यावर

त्या नऊही जणांना मॅडमनी स्वतः कळवलं. आठ जणांना फोन केला. पाड्यावर त्या स्वतः गेल्या, मीही बरोबर गेलो. तरुणाने कोणाला सांगितलं नव्हतं असं तो आधी म्हणाला होता. नंतर कबूल केलं की कानबाईच्या रात्री मोबाइल दोन मित्रांना दाखवला होता, हे असं उघडतं म्हणून. नाव वाचलं गेलं होतं.

मुलीचे वडील ओट्यावर बसून ऐकत होते. मॅडमनी काय झालं ते सांगितलं, चूक कोणाची तेही सांगितलं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे जमिनीवर काडीने रेघा ओढून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कागद तुमच्याकडेच होता ना?" मी हो म्हणालो. पुढे बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

सोयरीक मोडली नाही. मुलाकडच्यांनी स्वतः येऊन मुलाची तपासणी करून घेतली, तो वाहक नव्हता. पण हे सगळं त्यांच्या घरातल्या चार माणसांत व्हायला हवं होतं, ते अर्ध्या गावासमोर झालं.

मुलीने मॅडमना विचारलं होतं, माझी नोंद पुसून टाकता येईल का? मॅडमनी तिला समजावलं की पुढे दिवस राहतील तेव्हा डॉक्टरला हा निकाल लागेल, पुन्हा रक्त काढायला नको. मग ती म्हणाली, ठेवा, पण कोणाला दिसायला नको. तिची नोंद आता अशा वर्गात आहे जिथे सेंटर नाही, पाठवणारे डॉक्टर नाहीत, मोबाइल नाही. ती फक्त मॅडमना उघडता येते, आणि उघडली की कारण लिहावं लागतं. त्या नोंदीच्या लॉगमध्ये आजपर्यंत एकच ओळ आहे. ती माझी आहे, नियम लावला त्या रात्रीची: मागणी केली, मिळालं ४०४.